अंगणात चालू राहिलेली गाडी

मंगळवारी सकाळी अब्बांनी गाडीत पेट्रोल भरलं. दुपारी ते दुकानातून घरी आले, पलंगावर बसले, पाणी मागितलं आणि अम्मी पाणी आणेपर्यंत वारले.

पेट्रोलचं मला त्यांच्याच तोंडून कळलं होतं. मी कर्जतच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आठवडाभर तिकडे खोलीवर राहते आणि शनिवारी नगरला घरी येते. त्या सकाळी त्यांचा फोन आला होता. "टाकी फुल केलीय. तू आलीस की खालाकडे नेवाशाला जाऊ." खाला म्हणजे अम्मीची बहीण. फोनवरचं तेच आमचं शेवटचं बोलणं.

मग अम्मीची इद्दत सुरू झाली. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घर सोडायचं नसतं. सोबतीला फूफी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, येऊन राहिली. अम्मी दिवसभर खिडकीशी बसायची आणि खिडकीतून दिसायची ती अंगणातली खोळ घातलेली गाडी. ते बघणं तिला जड जात असेल, असं मला वाटलं. इद्दत संपली की गाडी विकायची, असं मी ठरवलं आणि कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला तसा शब्दही दिला. अम्मीला सांगितलं, तेव्हा ती "बरं" म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच "बरं" म्हणत होती.

इद्दत संपल्यावर आलेल्या रविवारी सकाळी मी खोळ काढली. बॅटरी उतरलेली असणार, म्हणून गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रीला बोलावलं होतं. तो यायच्या आत सहज किल्ली फिरवून पाहिली, तर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. पण लगेच इंजिनातून आवाज यायला लागला. टक-टक-टक, पातेल्यावर कोणी उलथनं आपटत राहावं तसा. अब्बांच्या हातात ही गाडी कधी अशी वाजली नव्हती. मी दचकून ती बंद केली. तेव्हा पेट्रोलच्या काट्याकडे लक्ष गेलं. तो तळाला टेकला होता.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, मला गाडी पुन्हा चालू करायला सांगितली, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"पोटात दुखतंय का रे तिच्या?" फूफीने ओट्यावरून विचारलं.

"थांबा की फूफी, ऐकू द्या. पेट्रोल शिळं झालं आसंल." थोड्या वेळाने त्याने मान हलवली. "न्हाई. बेअरिंग गेलं म्हणावं तर गरम झाल्यावर आवाज दबतोय."

त्याने गाडी बंद करायला लावली, जरा वेळ जाऊ दिला आणि ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. पट्टी फडक्याने पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. ऑइल खुणेच्या वर होतं. पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता.

"ऑइल घटतं ताई, वाढत न्हाई. ह्यात पेट्रोल उतरलंय. गाडी रोज चालू करून जागेवरच बंद कोण करतंय?"

"कोणीच नाही. चार महिने उभी आहे."

"उभ्या गाडीची बॅटरी अशी उठत न्हाई."

मला वाटलं, कोणीतरी फाटकावरून येऊन गाडी वापरतंय. घरात दोन म्हाताऱ्या बायका आणि बाहेर चोर. मी फूफीकडे पाहिलं, तर ती ओढणीचं टोक चाचपत बसली होती.

"मी," दारातून अम्मी म्हणाली.

मला शब्द ऐकू आला, पण त्याचा अर्थ लागेना. माझ्या माहितीत अम्मी ड्रायव्हरच्या सीटवर एकदाही बसलेली नव्हती.

"पहाटे, फजरची नमाज झाली की. तू कर्जतला असायचीस तेव्हा," ती म्हणाली. "गिअरला हात लावला नाही. किल्ली कशी फिरवायची ते शेजारी बसून पाहिलं होतं मी. उभी गाडी मरते, असं तेच म्हणायचे ना?"

"मी हिला सांगत होते, पोरीला कळू दे," फूफी एकदम उसळली. "ऐकते का? खोळ काढून पाऊण तास आत बसायची. बंद कर म्हटलं की काच वर करायची!"

मिस्त्री हसला. मला हसू आलं नाही. अब्बांनी नेवाशासाठी भरलेलं पेट्रोल अम्मीने अंगणातल्या अंगणात संपवलं होतं, आणि दर शनिवारी येणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. ज्या गाडीचं दर्शन तिला नको असेल म्हणून मी ती विकायला निघाले होते, ती गाडी ती रोज पहाटे जगवत होती.

अम्मी मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या पट्टीकडे बघत होती. "म्हणजे मीच बिघडवली?"

इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. दफनाच्या दिवशीही तो असा नव्हता.

"बिघडली न्हाई चाची," मिस्त्री घाईने म्हणाला. "ऑइल पातळ झालं म्हनून वाजती. ऑइल अन् फिल्टर बदलतो, प्लग साफ करतो. पन हिला रस्ता पायजे. जागेवर चालवून इंजिन नीट तापत न्हाई, अन् न जळालेलं पेट्रोल खाली उतरतं."

"मग रस्त्यावर काढा," अम्मी म्हणाली.

तिने "बरं" म्हटलं नव्हतं. मी आत जाऊन सहकाऱ्याला फोन केला. शब्द मोडल्याबद्दल माफी मागितली.

सोमवारी मी रजा टाकली. सकाळी थंड गाडीची किल्ली फिरवली आणि तिघी कान देऊन बसलो. आवाज आला नाही. पंपावर पेट्रोल भरून आम्ही नेवाशाला गेलो. अम्मी माझ्या शेजारी, फूफी मागे.

अब्बांनी भरलेल्या पेट्रोलपैकी आता काही उरलेलं नाही. गाडी अंगणात आहे. किल्ली अम्मीकडे असते, आणि शनिवारी मी आले की ती माझ्या हातात देते.