पत्रकावरचं उसनं लेकरू

"हे छापू नका," सोमी म्हणाली आणि तिनं सरळ माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तळहात ठेवला.

फाइल प्रेसला जायची वेळ झाली होती. मागे साहेब उभे होते आणि मध्ये कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. रागच आला मला. त्या लेआउटवर मी दिवसभर डोळे फोडले होते.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. फौजेत याला सायकॉलॉजिकल ऑपरेशन म्हणतात. म्हणजे गोळी न झाडता समोरच्याचं मन वळवायचं. गडचिरोलीच्या जंगलात आम्ही पोलीसही तेच करायचो. पत्रकं काढायची, आठवडी बाजारात वाटायची. दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या तुकडीत गेलेल्या पोरापोरींना सांगायचं, परत या, संसार करा.

सोमी आणि तिचा नवरा राजू असेच परत आलेले. त्यांच्या दलममध्ये लग्नाला परवानगी मिळे, पण आधी नवऱ्याची नसबंदी. लेकरू कडेवर घेऊन जंगलात पळणार कसं? दोघं शरण आल्यावर आम्ही राजूचं ऑपरेशन करून नस पुन्हा जोडून घेतली. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, मूल होईलही, कदाचित होणारही नाही.

पण साहेबांना घाई. फोटो काढताना त्यांनी एका शिपायाचं तान्हं बाळ सोमीच्या मांडीवर द्यायला लावलं. सोमीनं ते हौसेनं घेतलं, हसली. तिला वाटलं, गंमत चालली आहे. पत्रकात त्या फोटोखाली ओळ होती, 'आमचा संसार फुलला, तुम्हीही या.'

"हे लेकरू माझं नाई," सोमी म्हणाली.

"अहो बाई, उद्या होईलच की तुमचं. आपण जरा आधी दाखवतोय," साहेब म्हणाले.

"नाई झालं तं?"

राजू दाराशी उभा होता. तो जमिनीकडे बघू लागला.

"माही लहान बहीण अजून आतच आहे, साहेब. तिच्या नवऱ्याचीबी नस कापली आहे. पळताना सापडले तं त्यायले जित्तं सोडत नाई. हा कागद पाहून ते जिवावर उदार होऊन येईन अन् मले इचारन, लेकरू कुठी आहे? मी काय सांगू तिले?"

साहेबांनी स्क्रीनवरचा फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग मला म्हणाले, "बाळ काढ." आणि खुर्ची ओढून सोमीसमोर बसले. "काय लिहू, सांगा."

तिनं सांगितलं, मी टाइप केलं. 'ऑपरेशन झालं. लेकरू अजून नाही. होईल का, ठाऊक नाही. आम्ही दोघं एका घरात राहतो. झोप लागते.' खाली तेच गोंडीत.

प्रूफ वरिष्ठांकडे गेलं आणि फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "हे आवाहन आहे की रडगाणं?"

"खरं आहे तेवढंच आहे, सर. जबाबदारी माझी," साहेब म्हणाले. पुढची बोलणी त्यांनी उभ्यानं ऐकून घेतली आणि फोन ठेवून सगळ्यांना चहा सांगितला.

चकमकीत छाती काढून पुढे जाणारे अधिकारी मी बरेच पाहिले. हाताखालच्या माणसांदेखत स्वतःचीच कल्पना मोडीत काढणारा हा एकच. त्या दिवशी मी त्यांना मनोमन सलाम ठोकला. सोमीलाही.

काही महिन्यांनी तिची बहीण नवऱ्यासह एका चौकीवर आली. आम्ही सोमीला घेऊन गेलो. ती थेट बहिणीसमोर जाऊन उभी राहिली. दोघी गोंडीत बोलल्या, राजूनं मला मराठीत सांगितलं.

"मले लेकरू नाई झालं," सोमी पहिलं हेच म्हणाली.

"मालूम आहे. कागदावर होतं," बहीण म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

नंतर मी त्या बहिणीला विचारलं, आमची याआधीची पत्रकं मिळाली होती का? चांगली रंगीत, गुळगुळीत कागदाची?

"मिळत होती नं, भाऊ," ती म्हणाली. "जाळ लवकर पेटे."