पडद्याच्या मागची जागा

"तुझी जागा पडद्यामागं. म्होरं कशाला आलास रं?"

थिएटरच्या दरवानाने माझ्या छातीवर काठी आडवी धरली. माझ्या हातात तिकीट होते. शेजारी वडील उभे होते, गळ्यात हलगी. त्याच सकाळी त्यांनी उस्मानाबादच्या पेठेत हलगी वाजवून नव्या बोलपटाची दवंडी दिली होती. सारे शहर त्यांनीच बोलावले होते.

ते निजामाचे दिवस. थिएटरात पडद्यासमोर गाव बसे. पडदा आणि मागची दगडी भिंत यांच्यामधल्या मातीवर आम्ही, मांगवाड्यातील माणसे. आम्हाला चित्र उलटे दिसे. राजा डाव्या हाताने तलवार उपसी. आमच्या लेकरांना तेच सुलटे वाटे.

मालक बाहेर आले. मी कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देत असे. कायद्याचे चार शब्द मला ठाऊक होते. तिकिटावर जागा लिहिलेली नाही, असे मी म्हणालो.

"तुझं तोंड बघितलं की जागा कळती." मग ते वडिलांकडे वळले. "समजाव लेकाला. न्हायतर उद्यापासनं हलगी दुसरा वाजवंल."

वडिलांनी माझा दंड धरला. "चल बाबा. चित्र तेच हाय."

मी गेलो. मागे बसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत उर्दूत तक्रार दिली. अर्ज घेणारे पेशकार हसले, रिवाज आहे, म्हणाले.

निजाम गेला. त्याच मालकांनी थिएटरवर तिरंगा चढवला, स्वातंत्र्यावर भाषण केले, आणि नव्या खेळाच्या दवंडीसाठी वडिलांना बोलावणे धाडले. आमची माती तीच. या वेळी तक्रार मराठीत दिली. उत्तर तेच.

तेव्हा मी वडिलांच्या गळ्यातली हलगी काढून घेतली. ज्या दारातून आपल्याला आत सोडत नाहीत, त्या दाराची दवंडी आपण द्यायची नाही, म्हणालो. मालकांनी दुसरा हलगीवाला आणला. थिएटर भरले. वडील अखेरपर्यंत दगड फोडत राहिले.

आता एक समिती त्या थिएटरचा इतिहास छापते आहे. मसुद्यात वाक्य आहे: आरंभापासून सर्वांसाठी खुले. मी लेखी हरकत घेतली. एक सभासद घरी येऊन म्हणाले, "आजोबा, जुनं कशाला उकरता?"

उकरणार. ते वाक्य खोडा आणि आमची जागा नोंदवा. नोंदवायची नसेल, तर नकार सहीनिशी द्या. तो घेऊन मी न्यायालयात उभा राहीन, आणि वकील देणार नाही. बोलणार मीच.