ताठ पायाची झोळी

नासारियो चुक आणि मी अकरा हंगाम रानात एकाच तळावर काढले. दोराच्या आधारानं जंगली चिकूच्या झाडावर चढायचं, कोयत्यानं सालीला चिरा द्यायच्या, पाझरलेला चीक शिजवून च्युइंगगमसाठी त्याच्या वड्या पाडायच्या, हे आमचं काम. बाराव्या हंगामात त्याचा कोयता सालीऐवजी स्वतःच्याच दोरावर बसला आणि तो झाडावरून कोसळला. जीव वाचला, पण उजवा पाय कमरेपासून लाकडासारखा ताठ झाला.

आमच्याकडे माणूस जन्मतो झोळीत आणि आयुष्यभर झोपतोही दोन खांबांमध्ये टांगलेल्या सुताच्या झोळीतच. नासारियोला मात्र मेव्हण्यानं खाट करून दिली. तिच्यावर तो दोन वर्षं पडून होता. पाठ सोलवटली, बोलणं आटलं.

एकदा भेटायला गेलो तर म्हणाला, "मुकादम विचारत होता, तळावर स्वयंपाकाला येतोस का. मी हो म्हटलं."

"अरे, पण झोपशील कशावर? खाट कोण वाहून नेणार चार दिवसांची वाट?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

अंगणात त्याची बायको बासिलिया चौकटीवर झोळी विणत होती. हळूच म्हणाली, "हे बसायला गेले की झोळी मागे सरकते आणि हे आपटतात. मी बघतेय असं कळलं की पुन्हा तिच्याजवळही जात नाहीत. मग मला कळणार कसं, कुठं चुकतंय?" मग तिची नजर माझ्या पायांवर गेली. "भावजी, उजवा पाय पुढं करा."

तिनं माझ्या गुडघ्याला दोन काठ्या करकचून बांधल्या आणि अंगणात टांगलेल्या झोळीकडे बोट दाखवून म्हणाली, "आता बसा."

मी पडलो. तिनं झोळी वीतभर खाली बांधली. मी पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा हनुवटी फुटली.

"वहिनी, पोराबाळांचा बाप आहे मी!"

"तेही आहेत," ती म्हणाली. "उठा."

तेवढ्यात दारातून आरोळी आली. "अरे गाढवा! ताठ पाय आधी आत कशाला घालतोस? आधी बूड टेक, मग पाय!"

नासारियो काठीवर रेलून उभा होता. दोन वर्षांत त्याचा एवढा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "सर बाजूला," म्हणत तो आला आणि बायकोच्या देखत बसायला गेला. आपटला. बासिलियानं त्याला हात दिला नाही. फक्त विचारलं, "कुठं निसटलं?"

"कड सरकली."

तिनं कडेला दोन दोऱ्या जोडल्या आणि त्या जमिनीतल्या खुंट्यांना बांधल्या. वरून गाठी मारलेला एक दोर धरायला सोडला. पुढचे दीड महिने ती नवी झोळी विणत होती. झोळी रुंद होती, आडवं झोपलं की पाठ सपाट राहावी म्हणून. कमरेखाली दुहेरी सूत होतं, मोडलेली बाजू खोल जाऊ नये म्हणून. बसलं की डावं पाऊल पुरतं जमिनीवर टेकायचं.

तळावरच्या पहिल्या पहाटे मला जाग आली तेव्हा नासारियो दोराला धरून उठत होता. बराच वेळ लागला. मी डोळे मिटून पडून राहिलो. चुलीचा धूर आल्यावरच उठलो.

सहा हंगाम त्यानं आम्हाला जेवू घातलं. सातव्या हंगामाला निघायच्या आधीच तो घरीच तापानं वारला. त्याच्या जागी आलेला स्वयंपाकी भला माणूस होता, हाताला चवही होती. पण महिनाभर त्याच्याशी कुणी धड बोललं नाही.