चार बोटं आखूड बाही

गोजरबाई आमच्या गारखेड्याच्या घरी धुणंभांडी करायला येऊ लागल्या, त्याला येत्या दिवाळीत एकोणीस वर्षं होतील. कपडा पाण्यात घालण्याआधी त्या दोन बोटांत धरून चोळून पाहतात. सुती, टेरिकॉट, रेशीम, यातलं काहीही मला त्यांना कधी सांगावं लागलं नाही. मी सांगायला गेले तर म्हणायच्या, "काकू, कपडा सोता सांगतो. तुमी चहा ठेवा."

त्या धनगराच्या घरच्या. माहेर वैजापूरकडचं. वडील वर्षातून दोनदा मेंढ्या कातरायचे, आई सूत काढायची आणि चुलते घोंगड्या विणायचे. लहानपणी आपण शाळेपेक्षा मेंढ्यांच्या मागंच जास्त चाललो, असं त्या सांगतात. लग्न होऊन शहरात आल्या, नवरा एका कारखान्यात होता, तो लवकर गेला. दोन मुलांना त्यांनी एकटीनं वाढवलं. पुंडलिकनगरच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या आहेत. तिथं भिंतीला उंच खुंटीवर वडिलांची काळी घोंगडी टांगलेली असते. मी एकदा त्यांच्या तापाच्या वेळी गेले होते तेव्हा पाहिली. तीस वर्षांची आहे, असं म्हणाल्या. धुता कधी, असं मी विचारलं, तर माझ्याकडं बघत राहिल्या, जणू मी देवाच्या मूर्तीला साबण लावायला सांगितलं होतं.

माझं शिक्षण मिशनच्या शाळेत झालं, बोर्डिंगात. दर शुक्रवारी सिस्टर आमच्या कॉलरी उलटून पाहायच्या. पांढऱ्या कपड्यांना सोडा घालून उकळायचं, हे मी आठव्या वर्षी शिकले. आज शहात्तरावं चालू आहे. एकदा अंगावर घातलेला कपडा न धुता पुन्हा घालणं मला अजून जमत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुढं जे झालं ते यातूनच झालं.

विशाखा दोन वर्षांपूर्वी सोयगावहून शिकायला आली. माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, जेवायला माझ्याबरोबर असते. पहाटे उठून धावायला जाते, रविवारी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर. तिचा गिर्यारोहणाचा एक गट आहे. गेल्या हिवाळ्यात तिची हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिक्षणासाठी निवड झाली. महिनाभराचा अभ्यासक्रम, शेवटचे दहा दिवस बर्फात तंबूत. त्यासाठी गटातल्या एका थोरल्या मुलीनं आपलं लांब बाह्यांचं लोकरी बनियन तिला दिलं. मेरिनो नावाच्या मेंढीच्या लोकरीचं, राखी रंगाचं. इतकं पातळ की ही लोकर आहे यावर माझा विश्वास बसेना.

जेवताना विशाखा त्याच्याविषयी बोलत राहायची. घाम येतो, पण अंगाला चिकटत नाही. ओलं झालं तरी ऊब सोडत नाही, त्यामुळं बर्फात भिजलं तरी माणूस गारठत नाही. आणि मुख्य म्हणजे आठ-आठ दिवस घातलं तरी वास येत नाही, म्हणून सामानात कपडे कमी लागतात आणि पाठीवरचं ओझं हलकं होतं. प्लॅस्टिकच्या धाग्याचे खेळाचे कपडे दुसऱ्याच दिवशी कुबट होतात, असं ती म्हणाली.

गोजरबाई भांडी घासता घासता ऐकत होत्या. हात पुसून आल्या, बनियन घेतलं, बोटांत चोळलं, मग गालाला लावलं.

"मेंढीचंच हाय," त्या म्हणाल्या. "पर आमच्या मेंढीचं नाय. आमची टोचती. ही मेंढी शाळंत गेलेली दिसती, काकूंसारखी."

विशाखा हसता हसता ठसकली. गोजरबाईंनी तिला बजावून सांगितलं, की लोकरीला पाणी कमी आणि वारं जास्त. झटकायचं, सावलीत टांगायचं, बास. धुवायची वेळ आलीच तर माठातल्या पाण्यात, रिठ्यानं, पिळायचं नाही. गरम पाणी लागलं की लोकर आटते आणि मग परत येत नाही.

हे सगळं माझ्यासमोर बोललं गेलं. मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये विशाखा ते बनियन घालून सराव करायची. सहा दिवस तेच. संध्याकाळी खिडकीशी टांगायची, सकाळी पुन्हा अंगात. मला ते बघवत नव्हतं. एकदा ती बाहेर गेली असताना मी वर जाऊन त्याचा वास घेतला. वास नव्हता. तरी मन मानेना. समोरच्या गजाला मॅडम हिला रोज त्याच कपड्यांत पाहतात, काय म्हणत असतील, असंही वाटायचं.

ती रविवारी निघणार होती. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, आणि त्या आठवड्यात ते शुक्रवारी आलं. पाण्याचा दिवस म्हणजे घरातला धुण्याजोगा प्रत्येक कपडा धुऊन काढायचा, हा इथल्या प्रत्येक घराचा नियम. सकाळी गोजरबाईंनी चादरी, पडदे सगळं उरकलं आणि त्या पुढच्या घरी गेल्या. विशाखा डॉक्टरांचा दाखला आणायला बाहेर पडली होती. दुपारी मी वर गेले तर बनियन खुर्चीच्या पाठीवर. मनात आलं, आज नाही धुतलं तर मुलगी इतक्या लांब न धुतलेला कपडा घेऊन जाईल. पाठवणीचं एक काम आपल्या हातून होऊ दे.

गोजरबाईंनी सांगितलेलं मला आठवलं. आठवलं, आणि मी मनात म्हटलं, घोंगडीचं ठीक आहे, हा चांगला कपडा आहे.

एप्रिलात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला पोळतं. त्या पाण्यानं बादली भरली, त्यात साबणाची पूड आणि चमचाभर सोडा घातला, अर्धा तास भिजवलं आणि ब्रशनं बगला घासल्या. मग मशीनमध्ये घालून पिळून काढलं. बाहेर काढलं तेव्हा ते दहा वर्षांच्या मुलीला बसेल एवढं झालं होतं. जाड, ताठ, दाबून केलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं.

मी ते दोरीवर टांगलं. चिमटे लावले. ओढून पाहिलं, हललं नाही.

विशाखा आली, पायरीवरच थांबली. दोरीवरच्या बनियनाकडं बोट केलं. मग विचारलं, "आजी, हे कुणी धुतलं?"

मी म्हटलं, "गोजरबाईंनी."

विचार करून बोलले नाही, हे खरं. पण बोलून झाल्यावर दुरुस्त करायला सगळी संध्याकाळ होती. ती वरच्या खोलीत रडत होती, मी खाली वरणाला फोडणी देत होते. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं, "पाणी आलं. धुणं झालं." सासरी आल्या दिवसापासून मी डायरी लिहिते आहे. इतकी कमी नोंद आजारपणातही केलेली नाही.

शनिवारी सकाळी गोजरबाई आल्या. विशाखा बनियन घेऊन दारातच उभी होती. ओरडली नाही. ती मुलगी ओरडणारी नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, तुम्हीच मला सांगितलं होतं ना, गरम पाणी लावू नको म्हणून?"

गोजरबाईंनी ते हातात घेतलं. बोटांत चोळलं. नाकाला लावलं. माझी साबणपूड लव्हेंडरच्या वासाची असते, त्या वडीचा साबण वापरतात. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी ओट्याशी होते. माझ्या हातात चहाचं गाळणं होतं.

"व्हय पोरी," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

त्या दिवशी त्या दुसऱ्या कुणाच्याच घरी गेल्या नाहीत. माठातलं पाणी पातेल्यात ओतलं, त्यात रिठा कुस्करून बनियन तासभर ठेवलं. परसात जुनी लोखंडी खाट आहे, पट्ट्यांची. तिच्यावर ते पसरलं आणि जाड दोऱ्यानं कडा पट्ट्यांना टाचल्या. मग थोडं ओढायचं, पुन्हा टाचायचं, पाणी शिंपडायचं, पुन्हा थोडं ओढायचं. खळ लावलेली घोंगडी वडील अशीच ताणायचे, असं त्या म्हणाल्या. ऊन सरकलं की खाट सावलीत सरकवायच्या.

विशाखा वर सामान बांधत होती. मी परसात गेले, त्यांच्याजवळ बसले, आणि तोंड उघडलं तर त्यांनी सुईवरची नजर न काढता मला थांबवलं.

"काकू, पोरीला परत हितंच यायचंय. तुमच्या हातचं खायचंय, तुमच्या छपराखाली निजायचंय. मनात राग घेऊन एवढ्या लांब गेली तर तिला परत यावं वाटंल का? माझ्यावर धरला तर काय बिघडतं? मी दुपारी जाणारी बाई."

मी त्यांना ह्यांचा लोकरी मफलर आणून दिला, बाह्यांना जोड देता येईल म्हणून. त्यांनी तो घडी करून माझ्या मांडीवर परत ठेवला. काकांचं राहू द्या, म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत अंग पुरेसं रुंद झालं, उंचीही बरीच आली. बाह्या चार बोटं आखूड राहिल्या. विशाखानं घालून पाहिलं, हातमोजे येतील तिथपर्यंत, असं म्हणाली. गोजरबाईंनी तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणली होती. ती तिनं घेतली, पण पिशवीच्या तळाशी न ठेवता फळीवर ठेवली, आणि रविवारी ती फळीवरच राहिली. निघताना माझ्या पाया पडली. म्हणाली, "आजी, मावशींना रागावू नका हं."

महिन्यानं ती परत आली, काळी झालेली, बारीक झालेली आणि फार आनंदात. बनियनाचं कौतुक तर थांबेना. तंबूत आठव्या दिवशी सगळ्यांच्या कपड्यांना वास यायला लागला, हिच्या नाही. एका दुपारी ओला बर्फ पडला, सगळ्या चिंब झाल्या, तरी हिची छाती-पाठ उबदार राहिली. मनगटं तेवढी उघडी राहिली. बाही आणि हातमोजा यांच्या मधल्या फटीतून बर्फ शिरायचा. कातडी फुटून दोन्ही मनगटांवर काळपट पट्टे उठले होते. तिनं ते हसत दाखवले. मी भाताचं झाकण काढायला उठले.

तिच्या मनात राग राहिला नव्हता, पण थट्टा राहिली. "मावशी, माझे कपडे मी धुते, तुम्ही लांबूनच नमस्कार करा," असं ती रोज म्हणायची. गोजरबाई हसायच्या. गजाला मॅडमकडेही त्या काम करतात, तिथंही ही गोष्ट पोचली. त्यांनी आपला काश्मिरी स्वेटर कपाटात वर ठेवला, हे मला त्यांनीच गमतीनं सांगितलं. आणि गोजरबाई कपडा पाण्यात घालण्याआधी मला विचारू लागल्या होत्या, "काकू, हे घालू ना?"

एकोणीस वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. ते विचारणं मी तीन आठवडे ऐकलं.

जूनमध्ये त्यांचा थोरला भाऊ रामकिसन शहरात आला. तो अजून मेंढ्या राखतो. बहिणीला घरी न्यायला आमच्या फाटकाशी आला, मी त्याला आत बोलावून पाणी दिलं. मेंढ्यांचा माणूस म्हटल्यावर विशाखा धावतच खाली आली. बनियन दाखवलं, मेरिनो मेंढी कुठं असते ते सांगितलं. तो खांद्यावरच्या पंच्याला हात पुसून मगच त्या कपड्याला हात लावत होता. बाह्यांपाशी त्याची बोटं थांबली.

"हे आटलंय," तो म्हणाला.

विशाखा हसून म्हणाली, "तुमच्या बहिणीचीच कृपा. उकळत्या पाण्यात घातलं."

रामकिसन हसला नाही. वळून बहिणीकडं पाहिलं. "गोजरे, तू?" मग हळू आवाजात, "बाच्या घोंगडीला तरी नाय ना घातलं पाणी?"

गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला, हसल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. विशाखाची थट्टा, गजाला मॅडमचं कपाट, हे त्यांनी सोसलं होतं. भावाच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं.

मी म्हटलं, "बनियन मी धुतलं. त्यांनी नाही. मी खोटं सांगितलं."

रामकिसननं पाण्याचा पेला खाली ठेवला. गोजरबाई माझ्याकडं वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, एकोणीस वर्षांत मी प्रथमच पाहिलेला.

"सांगायचंच व्हतं तर त्या दिशी सांगायचं," त्या म्हणाल्या. "आता मला माझ्या भावासमोर खोटं पाडलं."

त्या चहा न घेता गेल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या, काम केलं, गेल्या. विशाखा माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली. जेवताना तिची बाही वर सरकली की ती खाली ओढायची, मी पाहू नये म्हणून. ते मला त्या पट्ट्यांपेक्षा जास्त लागायचं.

पाचव्या दिवशी पाणी आलं. गोजरबाई परसात बादल्या भरत होत्या. विशाखा बनियन घेऊन खाली आली, माझ्याजवळून गेली आणि ते त्यांच्या हातात दिलं. "मावशी, याचं काय करायचं ते तुम्ही करा."

गोजरबाईंनी ते चोळून पाहिलं, वास घेतला, दोनदा झटकलं आणि सावलीतल्या दोरीवर टाकलं. पाण्याला लावलंच नाही. चिमटाही लावला नाही. मग बादलीतली माझी साडी उचलली आणि मला काही न विचारता पाण्यात घातली.

मी त्या दिवशी एप्रिलचं ते पान काढून खाली लिहिलं, "बनियन मी धुतलं. नाव गोजरबाईंचं घेतलं." शाई वेगळी दिसते. चटणीची ती बरणी अजून विशाखाच्या फळीवर आहे, चटणी संपलेली. ती कधी संपली, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.