टिटवी, माझी गाडी आणि रिव्हर्स गिअर

मंडळी, आज सकाळी एका पक्ष्याने मला माझ्याच गाडीत कोंडून ठेवलं!

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीमागे नाला आहे. तिथली टिटवी, लांब पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल चट्टा, पार्किंगमध्ये येऊन नुसती किंचाळत होती. फोनवर आई अकोल्याहून म्हणाली, "टिटवी ओरडतेय ना? अपशकुन असतो. आज निघू नकोस."

"आई, यार, ऑफिस आहे!" म्हणत मी गाडीत बसले. आठवडाभर गाडी खडीवर तशीच उभी होती.

रिव्हर्स टाकला, तर टिटवी मागे पंख पसरून उभी. हॉर्न दिला तरी हलेना. दार उघडलं की थेट डोक्यावर झेप. समोर भिंत. आत मी घामाघूम. गार्ड लांबूनच ओरडतोय, "मैडम, निकाल लो, उड़ जाएगी!"

वैतागून मागच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नीट पाहिलं. तिच्या पायांशी, चाकाच्या अगदी मागे, खडीच्याच रंगाची चार ठिपकेदार अंडी होती.

इंजिन बंद केलं, पर्स डोक्यावर धरली आणि मेट्रोकडे पळाले. पिल्लं निघेपर्यंत गाडी तिथेच.

तुमच्याकडेही टिटवीचं ओरडणं अशुभ मानतात का? आज तिच्यासाठी अशुभ मी होते, रिव्हर्स गिअर टाकून बसलेली.