उंदराचे नखं

माह्या नातीनं पांढरा उंदीर पाळला आहे. त्याचा पिंजरा टेबलावर, पंख्याखाली असते. माह्या खाटेपावतर पंख्याचा वारा येत नाई, पन मोठ्याच्या मधात आपन कायले बोलाव.

मी आंधळगावची. तिथं उंदीर धान साठवाच्या ढोलीत निंघे. शेपटी धरून बाहेर काढत होती मी. त्याच्या पुढचं नातीले सांगत नाई. आता पोरगा बारुदीच्या कारखान्यात आहे म्हनून जवाहरनगरच्या क्वार्टरात राहते.

त्या उंदराले काम नाई, धाम नाई. बसल्या जागी दाने, पानी प्याले नळी, झोपाले कपड्याचा पाळना. काम नसलं का नखं वाढते. नात त्याले खांद्यावर बसवे, तं मानेवर ओरखडे पडत. भर उन्हाळ्यात पोरगी गळ्याले ओढनी गुंडाळून फिरून राहिली होती. एक दिवस सुनेनं ओढनी काढून पाह्यली. रागावली नाई. एवढंच म्हनली, "ऐतवारपावतर नखं कमी झाले तं ठीक. नाई तं उंदीर दुकानात वापस."

पोरगी जेवेनाशी झाली.

पोरानं नागपूरच्या जनावराच्या डाक्टरले फोन लावला. माह्या गुडघ्यासाठी भंडारा दूर पडते, उंदरासाठी नागपूर जवळच आहे. डाक्टर म्हने, घरीच कापा, सोपं आहे. पन कापन कोन? सुनेले किळस. पोरगा कारखान्यात कायकाय हाताळते म्हने, पन उंदराचा पाय धराचा म्हनला का दोन हात मांगं सरके. मंग म्हातारी आठवली.

शनिवारी खिडकीजवळ बसली मी. शेजारीन म्हने, शनिवारी नखं कापू नाई. म्या इचारलं, उंदराचेबी का? तं तेबी पाहाले उभी राह्यली.

पिंजऱ्यात हात घातला अन् सवयीनं शेपटीच धरली. नातीच्या डोळ्यात पानी आलं. "आजी, शेपटी सोड. तो आपला आहे."

सोडली. माह्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, त्यात उंदीर गुंडाळला, मुंडकं तेवढं बाहेर. एक एक पाय काढून पाह्यला. नख काचेवानी, आतमधी गुलाबी रेघ. ते रगत. नातीनं मोबाइलमधी पाहून सांगतलं, रेघेच्या समोरचं पांढरं टोकच कापाचं. लहान लेकराचं नेलकटर होतं. दोन नखं कापले का नात त्याले सूर्यफुलाचा दाना देये.

तीन पाय बरोबर झाले. चौथ्याले रगत निंघालं. तांदळाचं पीठ चिमटीनं दाबून धरलं, थांबलं. उंदीर चावला नाई.

चूक माहीच होती. हात चालू झाला अन् मी आपल्या हिशोबानं कापलं. मी जनमभर नखं कापलेच नाई. रोवन्याच्या दिवसात चिखलात धानाचे पऱ्हे खोसून खोसून नखं मासापावतर झिजत. बोटं पिकत. रात्री हळद भराची, सकाळी परत बांधीतल्या चिखलात. मले वाटे, नख असतेच तेवढं.

ऐतवारी सुनेनं उंदीर आपल्या हातावर चालवून घेतला. पह्यल्यांदाच. तोंड वाकडं केलं, हात उलटासुलटा पाह्यला. "राहू द्या," म्हनली. नातीनं त्या दिवशी चार पोळ्या खाल्ल्या.

पन नखं तं परत वाढनार. म्या गावावरून जुन्या छपराच्या कवेलूचा खडबडीत तुकडा आनवला अन् पान्याच्या नळीखाली ठेवला. आता पानी पाह्यजे तं त्याच्यावर चढा लागते, नखं घासल्या जाते. नातीले वाटलं, आजीनं त्याच्यासाठी ओटा केला. म्या त्याले कामाले लावलं.

इथं आल्यापासून माह्येबी नखं वाढून राहिले. नात दर ऐतवारी माहा हात मांडीवर घेते. मी म्हनते, "माय, पांढरंच काप." दोन बोटं झाले का पोरगी माह्या तोंडात भुईमुगाचा फल्लीदाना टाकते. सूर्यफुलाचे उंदरासाठी ठेवले आहे.