दोन गल्ल्यांची डाळ

अमरावतीहून स्कूटीवर निघालो तेव्हा ऊन असं होतं, की खिशातल्या कंगव्याचा चमचा झाला. मी मागे बसलो होतो; चालवत होत्या वानखडे मॅडम, दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या शिक्षिका. आदल्या दिवशी मी पुण्याहून येऊन शिक्षकांना 'पर्यावरण कसं शिकवावं' हे शिकवलं होतं. भाषण ऐकून भिंतीवरच्या पालीसुद्धा सद्गदित झाल्या. मॅडम तेवढ्या उठल्या.

"सर, तुमी झाडं लावाले सांगून राहिले. पन पान्याच्या वॉलची (व्हॉल्व्हची) चावी कोनापाशी राहते, हे काहून (का) नाही शिकवत?"

ते शिकायला ही सहल.

रस्ता खारपाणपट्ट्यातून (जिथे जमिनीखालचं पाणी खारट असतं तो मुलूख) जातो. काळी जमीन इतकी सपाट, की परवा येणारा पाहुणा आजच दिसतो.

शाळेच्या आवारात मुलांनी दोन चुली मांडल्या होत्या. तूरडाळ एकच, पाणी वेगळं: एकीत वरच्या गल्लीतलं नळाचं, दुसरीत खालच्या गल्लीतल्या हातपंपाचं. खालची गल्ली आठवीतल्या उज्ज्वलाची. तिथे नळ ऐन शाळेच्या वेळेला येतो, तोही करंगळीएवढा. पाणी भरायला उज्ज्वला घरी थांबते. असंच चाललं तर पुढच्या वर्षी शाळा बंद, असं तिच्या आईनं सांगून टाकलं होतं.

पुण्याचा पाहुणा आला म्हणून सरपंचही आले. तासाभरात वरच्या गल्लीचं वरण झालं. उज्ज्वलाची डाळ मात्र छर्र्यासारखी. मी एक दाणा चावला. आवाज अकोल्यापर्यंत गेला असावा.

"जमीनच खारी, सर," सरपंच म्हणाले. "निसर्गापुढं कोनाचं चालते?"

"भाऊ, जमीन तं तुमच्या गल्लीचीबी खारीच हाय," उज्ज्वला म्हणाली. "पन नळ पहिले तुमाले सुटते. आमाले सकाळी सोडा, मंग मले शाळेत येता येईन."

मॅडमनी सरपंचांपुढे उज्ज्वलाच्या डाळीची वाटी ठेवली. वाढलेलं परत करायचं नाही, हा इथला रिवाज. सरपंच बराच वेळ चावत राहिले.

"आठ दिवस खालच्या गल्लीले पहिले सोडून पाहू," शेवटी ते म्हणाले. "वरची गल्ली खाईन मले."

"खाऊ द्या, भाऊ. त्यांची डाळ शिजते," मॅडम म्हणाल्या, आणि सरपंचांना वर्गात नेऊन हे आश्वासन फळ्यावर लिहायला लावलं, सहीसकट.

दुसऱ्या दिवशी अकोला स्टेशनवर मॅडमचा फोन आला. उज्ज्वला पहिल्या तासाला हजर होती. वरच्या गल्लीतल्या बायाही हजर होत्या, भांडायला.

"मग?"

"मंग काय, सर, बसवलं वर्गात. फळा वाचून राहिल्या."

गाडीत मी माझ्या भाषणाचे कागद काढले. त्यात नद्या होत्या, डोंगर होते, एक वाघही होता. गल्ली एकही नव्हती. थापा मी जन्मभर मारत आलोय. पण हे भाषण म्हणजे सगळ्यात मोठी थाप, आणि हीच एक मी मनापासून खरी मानत होतो.